दाब काढायचा नाही

वसंतपंचमी शुक्रवारी आली ती सालं माळव्यातल्या बातमीदारांना पाठ असतात. २००६, २०१३, २०१६, २०२६. धारच्या भोजशाला-कमाल मौला परिसरात एप्रिल २००३ मध्ये ठरलेल्या व्यवस्थेप्रमाणे मंगळवारी पूजा होत आली आणि शुक्रवारी नमाज. वसंतपंचमीला पूजेची वेगळी मुभा होती. दोन्ही एकाच दिवशी आले की शहरात पोलिसांच्या गाड्यांची रांग लागते, इंदूर-भोपाळहून ओबी व्हॅन येतात आणि स्थानिक पत्रकार आदल्या रात्रीपासून रस्त्यावर असतात. बाहेरून आलेला कॅमेरामन एखादी गच्ची गाठतो. गावातला स्ट्रिंगर मात्र गर्दीतच असतो, पोलीस आणि जमाव यांच्या बरोबर मधे. पायात चप्पल, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात चॅनेलचा माइक. दगड सुटले की पहिल्यांदा लागतात ते त्याला, आणि त्याचं हेल्मेट तेव्हा मोटरसायकलच्या आरशाला अडकवलेलं असतं.

अशा माणसांना मी प्रथमोपचार शिकवते. देवासला आणि धारला, जमेल तसे वर्ग घेते; कधी पत्रकारांच्या बसण्याच्या खोलीत, कधी मंगल कार्यालयाच्या रिकाम्या दालनात. बरोबर एक निवृत्त परिचारिका असतात. उभं आयुष्य त्यांनी अपघात विभागात काढलं. सगळे त्यांना 'सिस्टर' म्हणतात, मीही तेच म्हणते. आम्ही दोघी देवासच्या जुन्या मराठी घरांतल्या. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थानं या एकाच गावात नांदली, आणि त्यांच्या आश्रयाने दक्षिणेतून आलेली कुटुंबं अजून इथे आहेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि माळवी. वर्ग हिंदीत चालतो, पण घाईच्या क्षणी सिस्टरच्या तोंडून मराठीच येतं. "दाबून धर. बघू नकोस. दाब काढायचा नाही." हे एवढं आता धारच्या हिंदी पत्रकारांनाही येतं.

मी हे शिकले ते वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करत असताना, दिल्लीबाहेरच्या एका शेतघरावर भरलेल्या शिबिरात. युद्धभूमीवर आणि संघर्षग्रस्त भागात जाणाऱ्या पत्रकारांसाठी ते होतं. शिकवणारे सैन्यातून निवृत्त झालेले. नाक्यावर गाडी कशी थांबवायची, हात कुठे ठेवायचे, आतला दिवा का लावायचा, हे त्यांनी करून घेतलं. गाडीचं दार गोळी अडवत नाही, अडवलीच तर इंजिनाच्या बाजूला अडते, हे तिथेच कळलं. एका दुपारी अचानक धूर, आरडाओरडा, डोक्यावर कापडी पिशव्या आणि गुडघ्यावर बसवून प्रश्नांची सरबत्ती. ते सगळं नाटक आहे हे माहीत असूनही माझ्या बरोबरीच्या एका अनुभवी बातमीदाराचे हात नंतर बराच वेळ थरथरत होते. पण त्या शिबिरातलं सर्वांत मोलाचं मला वाटलं ते नाट्य नव्हे. दुसऱ्या दिवशी आम्हाला रक्त थांबवायला शिकवलं, ते.

त्यामागे एक घटना आहे आणि ती मी प्रत्येक वर्गात सांगते. २० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिसराता शहरात तोफगोळ्यांच्या माऱ्यात टिम हेदरिंग्टन आणि ख्रिस हॉन्ड्रोस हे दोन छायाचित्रकार मारले गेले. हेदरिंग्टनला जांघेजवळ जखम झाली होती. पिकअप गाडीच्या मागच्या भागात घालून त्याला रुग्णालयाकडे नेत होते आणि वाटेत तो रक्तस्रावाने गेला. त्याचा मित्र आणि 'रेस्ट्रेपो' या माहितीपटाचा सहदिग्दर्शक सबॅस्टियन युंगर याला पुढे कळलं की जवळच्या कुणाला नेमकं काय करायचं ते ठाऊक असतं तर कदाचित हातात आणखी थोडा वेळ राहिला असता. युंगरने त्यानंतर युद्ध वार्तांकन सोडलं आणि २०१२ मध्ये मुक्त पत्रकारांना प्रथमोपचार शिकवणारी 'रिस्क' ही संस्था उभी केली. सहकाऱ्यांना वाचवायला शिकलेले बातमीदार, असा त्या आद्याक्षरांचा विस्तार आहे.

'सहकाऱ्यांना' हा त्यातला मुद्दा मला फार पटतो. एका हाताने स्वतःच्या दंडाला टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, आवळायची रीत सैनिकांना शिकवतात, आम्हीही शिकवतो. पण मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस तीन ते पाच मिनिटांत जाऊ शकतो आणि त्यातल्या पहिल्या एक-दोन मिनिटांतच त्याची शुद्ध हरपू लागते. डोक्याला मार लागलेल्याला तर आपल्याला काय झालंय तेच उमगत नाही. म्हणजे या वर्गात मी जे शिकवते ते शिकणाऱ्याच्या स्वतःच्या कामी येईलच असं नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कामी येणार. आणि धार-देवासच्या पत्रकाराच्या शेजारी कोण उभं असतं? त्याच्या वर्तमानपत्रातलं दुसरं कुणी नसतं, कारण तालुक्याला एकच माणूस नेमलेला असतो. शेजारी असतो तो प्रतिस्पर्धी. ज्याच्या आधी बाइट मिळवायची, ज्याच्या आधी व्हिडिओ पाठवायचा, तोच.

म्हणून मी एका चॅनेलचा किंवा एका दैनिकाचा वेगळा वर्ग घ्यायला नकार देते. तशी मागणी येते, मान देऊन येते, आणि मानधनही बरं असतं. पण फक्त आपलीच माणसं शिकवून ठेवण्यात काही हाशील नाही. शिकवायचं तर सगळ्या गावाला एकत्र.

देवासच्या वर्गातली एक दुपार सांगते. आम्ही जखमेची प्रतिकृती घरीच बनवतो. जुन्या गादीच्या फोमचा जाड तुकडा, त्यात सुरीने पाडलेली खोल चीर, चिरेच्या तळाशी सलाइनची नळी, आणि पिशवीत खायचा लाल रंग घातलेलं पाणी. बाजारातून बोकडाची तंगडी आणली तर सराव जास्त खरा होतो, पण माळव्यात वर्गातली निम्मी मंडळी शाकाहारी असतात आणि त्यांचं मन मोडून शिकवण्यात अर्थ नाही. सिस्टर पिशवी दाबत बसतात, रक्त उसळत राहतं. त्या दिवशी समोर बसवले होते दोन प्रतिस्पर्धी चॅनेलचे तरुण. दोघांत कसल्याशा व्हिडिओवरून बोलणं बंद होतं. एकाच्या मांडीवर फोम बांधला आणि दुसऱ्याला सांगितलं, चीर भरून काढ.

जखम भरायची म्हणजे वर पट्टी ठेवायची नव्हे. बोट आत घालून रक्त नेमकं कुठून येतंय ते शोधायचं, त्या जागी गॉजचं टोक नेऊन दाबायचं, बोट न सोडता दुसऱ्या हाताने आणखी गॉज आत सरकवायचं, आणि चीर गच्च भरली की दोन्ही तळहात ठेवून अंगाचं वजन टाकायचं. कोपरं ताठ. मग थांबायचं. हे थांबणंच कुणाला जमत नाही. अर्ध्या मिनिटात त्या मुलाने हात उचलला, थांबलं का बघायला. सिस्टरनी पिशवी दाबली, सगळं गॉज लाल झालं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी त्याचे खांदे भरून आले, घाम नाकावरून फोमवर पडू लागला, आणि खाली पडलेला त्याचा प्रतिस्पर्धी त्याला सांगत होता, "मत उठा भाई, मत उठा." साधं गॉज असेल तर पाच-दहा मिनिटं तरी असं धरावं लागतं, आणि मोठ्या जखमेला तर १०८ ची गाडी येईपर्यंत. त्या मुलाने धरलं. उठताना त्याच्या मनगटातून कळ निघत होती. तो म्हणाला, एवढा वेळ मी कधी कुणाचा हातसुद्धा धरलेला नाही.

टूर्निकेटबद्दल जुने समज फार आहेत. शाळेत शिकल्याचं सांगून कुणी ना कुणी म्हणतोच की दर पंधरा मिनिटांनी गाठ सैल करायची. तसं करायचं नाही. जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं, वेळ लिहून ठेवायची आणि सोडायचं ते डॉक्टरांनी. दुखतं, असह्य दुखतं, जखमी ओरडतो, शिव्या देतो. तरी सैल करायचं नाही. सुतळी किंवा वायर वापरली तर ती मांसात रुतते आणि रक्त मात्र वाहतच राहतं. रुंद पट्टी हवी. इथे प्रत्येकाच्या गळ्यात उन्हाळ्याचा गमछा असतो. त्याची घडी आणि एखादी मजबूत काठी यांवर वेळ निभावते, पण ती शेवटची सोय समजावी. खऱ्या टूर्निकेटची जागा ती घेत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकली टूर्निकेटचा दांडा ऐन वेळी मोडतो, तेव्हा विकत घेतलेली वस्तू घरी स्वतःच्या मांडीवर आवळून पाहिल्याशिवाय पिशवीत टाकू नका, हे मी बजावून सांगते. आणि जांघेत, काखेत, मानेत टूर्निकेट बसत नाही. हेदरिंग्टनची जखम तशीच होती. तिथे बोटं, कापड आणि दाब, एवढाच उपाय.

भारतातली नावंही मी घेते, कारण लिबिया लांब वाटतो. १० ऑगस्ट २००० रोजी श्रीनगरच्या रेसिडेन्सी रोडवर स्फोटात गेलेले छायाचित्रकार प्रदीप भाटिया. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी दंतेवाड्यात मारले गेलेले दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू. निवडणुकीच्या बातमीसाठी गेले होते. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दकला गेलेले दानिश सिद्दीकी. यातलं प्रत्येक मरण प्रथमोपचाराने टळलं असतं असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या व्यवसायात माणसं कशी जखमी होतात ते पोरांना कळावं, एवढ्यासाठी ही नावं.

मात्र धार जिल्ह्यात गोळी क्वचितच सुटते. इथले धोके वेगळे आहेत आणि वर्गही त्यांच्यावरच बेतायला हवा. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरमधून निघाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोचला. ३ तारखेला पीथमपूर बंद होतं, लोक रस्त्यावर उतरले, लाठीमार झाला आणि आंदोलनात दोघे जण भाजले. कॅमेरे चालूच होते. पेटलेला माणूस काही हातांवर दिसला की छायाचित्रकाराने काय करायचं, यावर वर्गात नेहमी वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे आणि मी ते लपवत नाही: जवळ दुसरं कुणी धावणारं असेल तर तुमचं काम करा; कुणीच नसेल तर कॅमेरा खाली ठेवा. जाड सुती कापड किंवा घोंगडी टाकून त्याला जमिनीवर आडवं करा, ज्वाळा विझवा, मग वीस मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही, शाई नाही. अंगठ्या आणि बांगड्या सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. वीस मिनिटं हा आकडा ऐकून लोक हसतात, इतकं पाणी आणायचं कुठून म्हणतात. पीथमपूरच्या वर्गात एका वयस्क बातमीदाराने उत्तर दिलं: औद्योगिक वसाहतीत पाण्याचा टँकर कुठे उभा असतो हे आपल्याशिवाय कुणाला जास्त माहीत आहे? बंदोबस्ताच्या दिवशी घटनास्थळी पोचल्यावर पहिल्यांदा पाणी कुठे आहे ते पाहून ठेवायचं, ही सवय आम्ही त्या दिवसापासून शिकवू लागलो.

पीथमपूरच्या मंडळींचा पुढचा प्रश्न विषारी वायूचा असतो, आणि तो असायलाच हवा. भोपाळच्या राजकुमार केसवानींनी १९८२ पासून आपल्या 'रपट' साप्ताहिकात युनियन कार्बाइडच्या कारखान्याबद्दल इशारे दिले होते. त्यांची नुसती आठवण काढली तरी वर्गात शांतता होते. आम्ही एवढंच सांगतो की वास आला किंवा डोळे झोंबू लागले तर वाऱ्याची दिशा पाहा, वाऱ्याला आडवं निघा, खोलगट जागा टाळा, आणि रासायनिक आगीच्या जवळून थेट प्रक्षेपण करण्याचा मोह सोडा. ओला रुमाल म्हणजे गॅसचा मुखवटा नव्हे. अश्रुधुराची गोष्ट त्या मानाने सोपी. डोळे चोळायचे नाहीत, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचे, कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी घालायच्याच नाहीत, आणि जमिनीवर पडलेलं नळकांडं हाताने उचलायचं नाही, ते तापलेलं असतं.

खरं तर आमच्या भागात पत्रकारांची सर्वांत जास्त गाठ पडते ती रस्त्यावरच्या रक्ताशी. मुंबई-आग्रा महामार्ग देवासवरून येतो आणि पुढे धार जिल्ह्यातून महाराष्ट्राकडे उतरतो. राऊ-खलघाट टप्प्यातल्या गणपती घाटात उतारावर ट्रकचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात इथल्या प्रत्येक बातमीदाराने पाहिलेत. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली आपली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. त्या दिवशी धामणोद-खलघाटचे पत्रकार बचाव पथकाच्या आसपासच काठावर होते. असं बऱ्याचदा होतं. म्हणून गाडीतून माणूस ओढून काढायचा नाही, मान आणि डोकं एका रेषेत कसं धरायचं, बेशुद्धाच्या तोंडात पाणी का ओतायचं नाही, त्याला कुशीवर कसं वळवायचं, श्वास नसेल तर छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब कसे द्यायचे, हे रस्त्याच्या अपघाताच्या निमित्ताने शिकवलेलं त्यांना लगेच पटतं. पोलिसांच्या भानगडीची भीती असते तीही काढावी लागते. मोटर वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १३४-अ जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. माझ्या वर्गात त्या कलमाची छापील प्रत प्रत्येकाच्या हातात जाते.

एक विषय बोलायला मला अजून अवघड जातो. १ एप्रिल २०२५ रोजी गुजरातमधल्या डीसा इथे फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. एकवीस माणसं गेली. त्यांतली बरीच देवास आणि हरदा जिल्ह्यांतली मजूर कुटुंबं, लहान मुलांसकट. नेमावरच्या नर्मदाघाटावर अंत्यसंस्कार झाले आणि देवासच्या पत्रकारांनी ते टिपले. पुढच्या वर्गात त्यांच्यातला एक जण रक्ताचा सराव सुरू होताच बाहेर जाऊन बसला. सिस्टर त्याच्याजवळ गेल्या, काही न विचारता चहा दिला आणि शेजारी बसून राहिल्या. संध्याकाळी त्याने सांगितलं की घाटावरचे व्हिडिओ त्याने अजून मोबाइलमधून काढलेले नाहीत, आणि बघतही नाही. अशा माणसाला लगेच सगळं बोलून टाक म्हणून भाग पाडू नये. झोप, जेवण, घरचं कुणी सोबत, आणि आठवडे उलटूनही तेच स्वप्न पडत राहिलं तर डॉक्टर. एवढं प्रत्येक संपादकाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला त्याच घरांच्या प्रतिक्रिया आणायला पाठवणं हा क्रूरपणा आहे.

धारला दगडांचा वर्ग सर्वांत जास्त वेळ चालतो. टाळूची जखम भळाभळा वाहते, माणूस घाबरतो; पण हाड शाबूत असेल तर घडी केलेल्या कापडाचा दाब बहुतेक वेळा पुरतो. हाड खाली दबलेलं किंवा मऊ लागलं तर त्यावर जोर द्यायचा नाही, कापड हलकेच ठेवून कडेने आधार द्यायचा. नंतर उलट्या, गुंगी, एक बाहुली मोठी दिसणं, बोलण्यात विसंगती, यांतलं काहीही दिसलं तर इंदूर गाठायचं, "मी ठीक आहे" हे त्याचं म्हणणं ऐकायचं नाही. सरावासाठी जोड्या सिस्टर लावतात आणि त्या मुद्दाम सरमिसळ करतात. मंदिराच्या बातम्या करणारा आणि जुम्म्याच्या बातम्या करणारा, असे दोघे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, चहाही एकत्र पितात, पण वसंतपंचमीच्या आठवड्यात नजर चुकवतात. तिथे एकाचं डोकं दुसऱ्याच्या मांडीवर असतं आणि वरून दोन्ही हातांचा दाब. त्या वेळी कुणी काही बोलत नाही. बोलायचं नसतंच, श्वास मोजायचे असतात.

हेल्मेट घालणं मात्र अजून अंगवळणी पडलेलं नाही. दुचाकीचं हेल्मेट घालून बातमी करणं शोभत नाही, कॅमेऱ्यात चेहरा दिसत नाही, लोक भित्रा म्हणतील, अशी कारणं येतात. मी त्यांना गच्चीवरच्या बाहेरच्या कॅमेरामनचे फोटो दाखवते. सुरक्षित जागी उभा राहूनही त्याने हेल्मेट घातलेलं असतं, कारण त्याच्या संस्थेने तसं बंधन घातलंय. गर्दीत उभ्या असलेल्या स्ट्रिंगरला असं बंधन घालणारं कुणी नाही, आणि त्याचा विमाही बहुधा नसतो. महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, छत्तीसगडने २०२३ मध्ये. कायदे हवेतच. पण दगड लागल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत कामाला येते ती पिशवी, आणि ती पिशवी स्ट्रिंगर पदरच्या पैशाने घेतो. हातमोजे, गॉजच्या गुंडाळ्या, दोन त्रिकोणी पट्ट्या, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, मार्कर, पाण्याची बाटली, एक खरं टूर्निकेट. इंदूरच्या कार्यालयांनी आपल्या जिल्हा प्रतिनिधींना दर दिवाळीला मिठाईऐवजी ही पिशवी द्यावी, असं मी प्रत्येक संपादकाला सांगत आलेय. काहींनी दिली. उरलेल्यांना सांगणं चालू आहे.

पुढचा वर्ग ड्रायव्हरांचा घ्यायचा ठरलाय. बाहेरचे पत्रकार इंदूरहून गाडी करून धारला येतात तेव्हा गाडीपाशी थांबलेला तोच असतो. जखमीला घेऊन दवाखान्याकडे सुटणाराही तोच, आणि त्याला कुणी काहीही शिकवलेलं नाही. सकाळची वेळ त्यांना चालत नाही, गाड्या भाड्याला गेलेल्या असतात. म्हणून रात्री साडेआठला, इंदूरच्या देवास नाक्याजवळच्या एका गॅरेजात वर्ग ठेवलाय. मागच्या सीटवर आडव्या पडलेल्या माणसाची जखम चालत्या गाडीत कशी दाबून धरायची याचा सराव करायचा, तर जागा गॅरेजचीच बरी. सिस्टर म्हणाल्या, फोमचे तुकडे जास्त आण, आणि सलाइनच्या दोन पिशव्या. एक फुटली तर वर्ग थांबायला नको.